घोडा का अडला? खूर, लंगडणं आणि ड्रेसाजचा सराव

तिरकी_चाल

बरेच दिवस लिहू की नको करत होते, शेवटी धागा काढलाच.

माझा घोडा मल्हार, वय ११, वॉर्मब्लड (स्वारीच्या खेळांसाठी पैदास केलेली जात), गेली ४ वर्षं माझ्याकडे आहे. मधल्या पातळीचं ड्रेसाज (स्वाराच्या इशाऱ्यांवर ठरलेल्या चाली करून दाखवायचा प्रकार) करतो आम्ही, म्हणजे हाफ-पास (पुढे जाता जाता तिरकं सरकणं), फ्लाइंग चेंज (धावता धावता पुढे पडणारा पाय बदलणं) वगैरे. दोनेक महिन्यांपासून काहीतरी बिनसलंय. डावीकडच्या हाफ-पासमध्ये तीन-चार पावलं छान जातो आणि मग ताल सुटतो. शेपूट फटकारतो, कान मागे पाडतो. उजवीकडून डावीकडे चेंज मागितला तर पुढून बदलतो, मागून एक उडी उशिरा. सरळ रेषेत ट्रॉट करताना मात्र मला काहीही दिसत नाही. लंगडत नाही हो, तीच तर पंचाईत आहे.

प्रशिक्षक म्हणतात, "लाडावलाय. टाच लाव, पुढे काढ." नालबंद म्हणतात खूर उत्तम. मी दोघांच्या मधे. तुम्ही असता तर शोध कुठून सुरू केला असता, खुरापासून की सरावापासून?

आणि एक, याचा कदाचित काही संबंध नसेल: हल्ली नालबंदीच्या वेळी उजवा मागचा पाय उचलू देत नाही. डावा निमूट देतो.

गप्पिष्ट

शीर्षकात 'ड्रेस' दिसलं म्हणून कपड्यांचा धागा समजून आलो. आता आलोच आहे तर: घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. लहानपणापासून उत्तर पाठ आहे. चला, माझं काम झालं.

मांड_पक्की

प्रशिक्षकांची बाजू घेतो, कारण या धाग्यावर त्यांना कोणी वाली दिसत नाही. :)

घोडा जन्मतःच एका बाजूचा असतो, आपण उजखोरे-डावखोरे असतो तसा. ताठ बाजूला हाफ-पास मागितला की तो पळवाट काढतो. खांदा आधी निघतो, मागचा भाग रेंगाळतो, ताल जातो. असे डझनभर घोडे मी पाहिलेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या खुराला काहीही झालेलं नव्हतं. स्वार डाव्या बाजूला ढासळून बसलेला असायचा, बास. आधी तुमची मांड कोणाला तरी मागून बघायला सांगा. आरशाशिवाय स्वतःला कळत नाही.

प्रत्येक वेळी घोडा अडला की डॉक्टर बोलवायचा झाला तर सराव कधी करायचा?

निळी_रिकीब

मांड_पक्की, तुमच्याच शाळेतल्या ड्रेसाज शिकवण्याच्या पायऱ्या मोजू. ताल, सैलपणा, लगामाशी संपर्क, जोर, सरळपणा आणि सगळ्यात शेवटी कलेक्शन, म्हणजे भार मागच्या पायांवर घेऊन आवरून चालणं. ताल पहिल्या पायरीवर का ठेवलाय? चार वर्षं बरोबर चालणाऱ्या घोड्याची पाचवी पायरी कच्ची असेल तर त्यासाठी पहिली का ढासळावी? ताठ बाजू दोन महिन्यांपूर्वी उगवत नाही. बदल नवा आहे, तर कारणही नवंच शोधायला हवं.

मांड तपासा याला मात्र अनुमोदन.

कानस

मी नालबंद आहे, त्यामुळे 'खूर उत्तम आहेत' हे वाक्य मीही शेकडो वेळा बोललोय. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो 'तडे नाहीत, वास नाही, नाल घट्ट आहे'. ते खरं असूनही खुराचा तोल बिघडलेला असू शकतो.

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. उजवा पाय उचलला की सगळा भार कुठे जातो? डाव्यावर. घोडा उजवा पाय द्यायला नाही म्हणत नाहीये, डाव्यावर उभं राहायला नाही म्हणतोय. आम्हा लोकांना हे पाठीला कळतं, कारण तो मग आमच्या अंगावर रेलतो.

आता घरच्या घरी करायची गोष्ट. घोडा सपाट, टणक जागेवर चौरस उभा करा. मागच्या खुराकडे बाजूने बघा, डोळा जमिनीजवळ आणून. खूर आणि केस जिथे भेटतात ती कड दिसते ना? तिची तिरकी रेघ मनातल्या मनात पुढे वाढवा. साधारण पुढच्या पायाच्या गुडघ्याकडे जायला हवी. ती कोपराकडे किंवा पोटाकडे चढत असेल तर टाच बसलीय असा संशय घ्यायचा. दुसरी खूण म्हणजे खुराची पुढची बाजू वरून खाली सरळ उतरायला हवी, ती बैलाच्या नाकासारखी फुगीर दिसते. याचा अर्थ आतलं हाड मागच्या बाजूला कललेलं असू शकतं. ड्रेसाजच्या घोड्याला आपण म्हणतो मागे बस, भार मागे घे. ज्याची मागची टाच आधीच खचलीय त्याला ते किती जड जाईल?

नाल किती आठवड्यांनी बदलता?

तिरकी_चाल

८ आठवड्यांनी. कधी कधी ९. खूर हळू वाढतात त्याचे, असं सांगण्यात आलं होतं.

कानस

वाटलंच. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. पण नाल असलेल्या खुराची झीज सारखी होत नाही. पुढचा भाग खिळ्यांनी जखडलेला असतो, तो झिजतच नाही. टाच मात्र प्रत्येक पावलाला थोडी फाकते आणि नालेवर घासली जाते. म्हणजे पुढे वाढ आणि मागे झीज. जितके आठवडे जास्त, तितका खुराचा कोन खाली. ८ आठवड्यांनी जुनी नाल काढून पाहा, तिच्या टाचेकडच्या भागावर लोखंडात चकचकीत खाचा पडलेल्या दिसतील. ती तुमच्या घोड्याची टाच आहे, झिजलेली.

काम करणाऱ्या घोड्याला ४ ते ६ आठवडे. लांबवू नका.

गप्पिष्ट

मला रस्त्यात एक नाल सापडली होती. घोडा घ्यायचाच काय तो बाकी होता. धागा वाचून नाल होती तिथे ठेवून आलो.

अनवाणी

मुळात नाल हवीच कशाला? टोकियो ऑलिम्पिकमध्ये (२०२१ मध्ये झालेलं) स्वीडनचा पेडर फ्रेडरिक्सन 'ऑल इन' या घोड्यावर उतरला, घोड्याच्या पायात नाल नव्हती. वैयक्तिक रौप्य आणि संघाला सुवर्ण. तेही उड्यांच्या स्पर्धेत, जिथे वळताना पाय घसरायची भीती ड्रेसाजपेक्षा कितीतरी जास्त. मऊ रिंगणात गोल गोल फिरणाऱ्या घोड्याला लोखंड ठोकून आपण काय मिळवतो?

खूर जमिनीला टेकताना टाच आधी टेकली पाहिजे. आतली गादी दबते, टाच फाकते, रक्त खेळतं. नाल काढल्यावर वर्षभरात माझ्या घोडीचा फ्रॉग दुप्पट रुंद झाला.

अबलख

फ्रॉग म्हणजे बेडूकच ना? घोड्याच्या पायात बेडूक???

अनवाणी

तळव्याच्या मधे मागून पुढे निमुळता होत जाणारा रबरासारखा त्रिकोण असतो, तो. हात लावून बघा, आपल्या टाचेच्या जाड कातडीसारखा लागतो.

कानस

अनवाणी, मी माझ्या पोटावर पाय देऊन बोलतोय, पण पटतं मला निम्मं. तरुण घोडा, चांगली भिंत, जाड तळवा, वेळेवर छाटणी असेल तर राहू दे बिननालीचा. पण वाळू ही कानसच असते. रोज तास-दीड तास वाळूत कलेक्शनचं काम करणाऱ्या काही घोड्यांचे खूर वाढतात त्याहून जास्त घासले जातात. मग तळवा पातळ होतो आणि घोडा खड्यावर पाय टाकताना चपापतो. 'सवय होतेय' म्हणून तसंच महिनोन्महिने चालवणारे लोक पाहिलेत मी, त्याला मी क्रौर्य म्हणतो.

नाल हवी असेल तर ती अशी हवी की टाचेला फाकता येईल. खुराच्या सगळ्यात रुंद भागाच्या मागे खिळा नको. नाल टाचेच्या शेवटापर्यंत पोचायला हवी, अर्धा इंच आधी संपायला नको. नाल पडू नये म्हणून लोक आखूड नाल मारतात, आणि आधार जिथे हवा तिथेच तो काढून घेतात.

मांड_पक्की

हे सगळं ठीक. माझा व्यवहारी सल्ला: दोन-तीन दिवस वेदनाशामक देऊन बसून बघा. सुधारला तर दुखणं, नाही सुधारला तर नखरे. सोपा निकाल.

उपचारवही

पशुवैद्य आहे, घोडेच बघते. वरचा सल्ला कृपया कोणी अमलात आणू नका.

वेदनाशामकाने फरक पडला नाही म्हणजे दुखत नाही, असं होत नाही. काही दुखणी त्या औषधाला दाद देत नाहीत. काही घोड्यांना दुखणं गेल्यावरही त्या हालचालीची धास्ती राहते. फरक पडला तरी कुठे दुखतंय ते कळत नाहीच, उलट दुखरा पाय घोडा बिनधास्त वापरतो आणि थोडी इजा असेल तर मोठी होते. शिवाय तपासणीच्या आधी औषध दिलेलं असलं की आम्ही आंधळे. स्पर्धेच्या काळात तर फिनाइलब्युटाझोन (घोड्यांना देतात ते वेदनाशामक) रक्तात सापडणं नियमबाह्य आहे, ते वेगळंच.

आता तिरकी_चाल यांच्यासाठी थोडं विस्ताराने. 'लंगडत नाही' असं आपण म्हणतो तेव्हा आपण पुढच्या पायाचं लंगडणं शोधत असतो. ते ओळखायला सोपं असतं, कारण दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली. मागच्या पायाचं फसवं असतं. मागून बघायचं, दोन्ही कुल्ह्यांची वर-खाली होण्याची उंची सारखी आहे का. दोन्ही मागचे पाय दुखत असतील तर तेही सारखंच दिसतं. घोडा फक्त आखडतो, पाठ ताठ करतो, कलेक्शन नको म्हणतो. आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो.

जमिनीचाही उपयोग करून घ्या. खुराचं दुखणं सहसा टणक जमिनीवर, दुखरा पाय वर्तुळाच्या आत असताना वाढतं. नळीच्या हाडामागे वरच्या टोकाला चिकटलेल्या सस्पेन्सरी लिगामेंटचं दुखणं बऱ्याचदा मऊ जमिनीवर आणि पाय बाहेरच्या बाजूला असताना जास्त दिसतं. हे नियम नाहीत, कल आहेत. ड्रेसाजच्या घोड्यांमध्ये मागच्या सस्पेन्सरीचं दुखणं आम्ही वारंवार बघतो. टाच खचलेल्या खुराशी त्याची जोडी पुष्कळदा सापडते.

घोड्यांच्या लंगडण्याच्या तज्ज्ञ पशुवैद्य डॉ. स्यू डायसन यांनी स्वारीखाली दिसणाऱ्या २४ वागणुकींची एक यादी केली आहे. कान मागे पाडून ठेवणं, शेपूट फटकारणं, तोंड उघडं ठेवणं, जीभ बाहेर काढणं, नजर शून्यात लागणं, चेंज पुढून होऊन मागून न होणं अशा गोष्टी त्यात येतात. ८ किंवा जास्त दिसल्या तर स्नायू-हाडांचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. तुम्ही एका परिच्छेदात तीन सांगितल्यात. कोणाला तरी ५-१० मिनिटं व्हिडिओ काढायला लावा आणि मोजा. मग डॉक्टर बोलवा. इथे विचारून निदान होणार नाही, माझ्याकडूनही नाही.

मांड_पक्की

औषधाबद्दलचे शब्द मागे घेतो. खरंच माहीत नव्हतं.

दुडकी

ट्रॉट ट्रॉट काय चाललंय, चांगला 'दुडकी' शब्द आहे आपल्याकडे. माझं नावच ठेवलंय मी. बाकी धागा वाचनीय. उपचारवही, हळूच विचारते: घोडा कुठल्या वर्तुळावर काय करतो हे वहीत लिहून ठेवायचं असतं का? मी सगळं 'आज नीट नव्हता' एवढंच लिहिते.

उपचारवही

लिहाच. तारीख, जमीन, कुठली बाजू, काय मागितलं, काय मिळालं. आणि नालबंदीपासून कितवा आठवडा. ही शेवटची नोंद कोणी ठेवत नाही, पण तीच कधी कधी सगळं सांगून जाते.

मोतद्दार

मी स्वार नाही. घोडे सांभाळतो, खरारा करतो, खूर काढतो. एवढी मोठी माणसं बोलतायत म्हणून गप्प होतो, पण पायाचं आम्हाला आधी कळतं. दिवसातून दोनदा प्रत्येक खूर आमच्या हातात असतो.

खूर साफ करताना आकडी टाचेकडून पुढच्या टोकाकडे चालवायची, उलटी नाही. फ्रॉगच्या दोन्ही बाजूंच्या आणि मधल्या खाचेत घाण राहू द्यायची नाही. काळं पातळ काहीतरी निघालं आणि सडका वास आला तर फ्रॉग सडायला लागलाय. तो वास एकदा घेतला की विसरत नाही. ओली लीद, कोंदट तबेला आणि आळस या तिन्हींनी होतं. मधली भेग बोट आत जाईल इतकी खोल गेली तर घोडा टाच टेकायला बघत नाही, पुढच्या टोकावर चालतो. लोक म्हणतात पावलं आखूड टाकतोय, खांदा चोळा. अहो, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग तळहात खुरावर ठेवायचा. चारही पाय, रोज. गरम-थंड कळायला रोजचा हात लागतो, एका दिवसात नाही कळत. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवली की नाडी लागते. निरोगी घोड्यात ती शोधावी लागते. ठणठण उडत असेल तर आत काहीतरी पेटलंय.

एकदा रात्री एक घोडी तीन पायांवर उभी दिसली. चौथा टेकवेचना. मालकीणबाई रडायला लागल्या, पाय मोडला म्हणून. मी नाडी बघितली, एकाच पायाची उडत होती, खूर गरम. नालबंद आले, नाल काढली, चिमट्याने तळवा दाबत दाबत गेले. एका जागी दाबल्यावर घोडीने पाय असा हिसकला की चिमटा भिंतीवर. तिथे बारीक भोक केलं आणि काळपट राखाडी पू उडाला, नालबंदांच्या दाढीपर्यंत. सकाळी घोडी चार पायांवर चंदीची वाट बघत उभी. गळू होतं नुसतं.

पण दोन्ही पुढचे गरम, दोन्हींची नाडी उडतेय, घोडा पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभा, असं दिसलं तर ते गळू नव्हे. तेव्हा नालबंदाची वाट नाही बघायची, डॉक्टर.

उपचारवही

मोतद्दार, दंडवत. शेवटचा परिच्छेद लॅमिनायटिसचा आहे. खुराची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात, पकड सुटली तर हाड फिरतं किंवा खाली बसतं. फोन केल्यावर डॉक्टर येईपर्यंत खूर बर्फात ठेवा आणि घोड्याला चालवू नका. साखरेने भरलेला कोवळा चारा आणि इन्सुलिनचा बिघाड ही मोठी कारणं, त्यामुळे 'छान भरलाय' म्हणतात त्या लठ्ठ घोड्यांवर डोळा ठेवा.

तिरकी_चाल

मोतद्दार काका, तुमचा प्रतिसाद छापून तबेल्यात लावलाय. आमच्याकडच्या मोतद्दारांनी वाचला आणि म्हणाले, "हे मला ठाऊक आहे, मला कोणी विचारत नाही." मग विचारलं. मल्हारचा डावा मागचा महिनाभर उजव्यापेक्षा जास्त वेळ 'आराम'मध्ये असतो म्हणे. मी बसते, खरारा ते करतात, मला कसं कळणार होतं. लाज वाटली.

वरची मनातली रेघ काढून पाहिली. पुढच्या कोपराच्याही वर जातेय. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

अबलख

बायोटिनबद्दल (खुरासाठी खायला देतात ते जीवनसत्त्व) कोणी बोललं नाही अजून. आणि खुराला लावायचं तेल? माझ्याकडे चार डबे आहेत.

निळी_रिकीब

बायोटिनचं मला माहीत आहे ते असं की लिपिझानर घोड्यांवर अभ्यास झाला होता, दिवसाला २० मिलिग्रॅम. खुराची प्रत सुधारली, पण कित्येक महिन्यांनी. साहजिकच आहे, खुराचं पुढचं टोक वरून खालपर्यंत नवं यायला ९ ते १२ महिने लागतात. आज खायला घातलं तर आज उगवणाऱ्या खुरात जाणार, उगवून झालेल्यात नाही. दोन महिन्यांत डबा बदलणाऱ्यांना काय फरक दिसणार?

तेलाचं मी नालबंदांवर सोडते.

कानस

तेलाने चमकतो. बाकी खुराला एकदा ओला, एकदा कोरडा, पुन्हा ओला असं करणं वाईट. रोज दोनदा पाय धुणारे लोक मग खिळे सैल झाले म्हणून मला फोन करतात. अबलख, चार डब्यांतला एक खोगिराला लावून बघा.

पोथीपंडित

अवांतर: घोडा घेताना आधी पाय बघा, घराचा पाया बघतात तसे, हे ग्रीक लेखक झेनोफनने लिहून ठेवलंय, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात. खूर कठीण व्हावेत म्हणून तबेल्याबाहेर गोटे पसरून त्यावर घोडा उभा करायचा सल्लाही त्याचाच. खिळ्यांनी ठोकलेली नाल तेव्हा नव्हती. म्हणजे अनवाणी यांचा पक्ष जुना आहे.

अनवाणी

पोथीपंडित, आज चहा माझ्याकडून. :)

निळी_रिकीब

सरावाकडे कोणी वळतच नाहीये, म्हणून लिहिते. माझी घोडी सस्पेन्सरीच्याच दुखण्यातून गेली आहे, त्यामुळे अनुभव ताजा आहे.

सराव वाढवताना आपण स्नायू बघतो. सहा-आठ आठवड्यांत पाठ भरते, मान गोल येते, आपल्याला वाटतं झाला तयार. लिगामेंट आणि कंडरा त्या वेगाने तयार होत नाहीत, त्यांना कित्येक महिने लागतात. दिसायला पियाफ (जागच्या जागी तालात पाय उचलणं) करण्याजोगा घोडा आतून अजून तयार नसतो. माझी चूक नेमकी तीच. ती हुशार होती, मागितलं की द्यायची, मी मागत राहिले.

आता आमचं वेळापत्रक असं आहे. सुरुवातीची १५ मिनिटं लांब लगामावर फक्त चालणं, जमलं तर रिंगणाबाहेर टणक वाटेवर. २० मीटरचं वर्तुळ भरपूर, १० मीटरचं मोजून, त्याहून लहान क्वचित. दोरीवर गोल फिरवणं जवळजवळ बंद. अंगातली मस्ती जिरवायला अर्धा तास लहान वर्तुळात पळवणं म्हणजे एकाच बाजूच्या सांध्यांवर अर्धा तास वजन. आठवड्यात दोनच दिवस अवघड काम, तेही सलग नाही. हाफ-पास एका बाजूला तीनदा चांगला झाला की बंद, चौथा मागायचा नाही. हे सगळ्यात अवघड जातं, कारण चांगला झाला की अजून एकदा करावासा वाटतो.

आणि नवीन जमिनीवर गेल्यावर पहिला आठवडा निम्मं काम. घट्ट वाळूवरून भुसभुशीत वाळूत नेलं की पाय ओढण्याची सगळी मेहनत मागच्या पायांवर येते.

मांड_पक्की

'चौथा मागायचा नाही' हे माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवलं. मग एकाने विचारलं, "सर, तुम्ही परवा सात वेळा मागितलात." गप्प बसलो.

गप्पिष्ट

धागा इतका माहितीपूर्ण झालाय की मला घोडा नसूनही पाय दुखायला लागलेत.

तिरकी_चाल

तीन आठवड्यांनी येतेय, क्षमस्व.

डॉक्टरांनी आधी टणक जमिनीवर हातात धरून पळवला, मग मऊ वाळूत वर्तुळावर, शेवटी मला बसायला लावलं. उजव्या गोलावर, मऊ वाळूत, डावा मागचा पाय टोकाने वाळू खरडत होता. वाळूत रेघ उमटली होती हो, एका बाजूलाच. मी रोज त्याच वाळूतून चालत होते. मग पायाला भूल देत वर वर जात राहिले. खालच्या भुलीने फरक पडला नाही. नळीच्या वरच्या भागाला भूल दिल्यावर पंधरा मिनिटांनी परत बसले आणि डावीकडचा हाफ-पास असा दिला की मला कळेना रडू का हसू. दोन महिने मी त्याला टाच मारत होते.

सोनोग्राफीत डाव्या सस्पेन्सरीचा वरचा भाग जाड झालेला आहे, फाटलेला नाही. क्ष-किरणात मागच्या दोन्ही खुरांतलं हाड मागे कललेलं, उजवीकडे थोडं, डावीकडे उणे ३ अंश. कानस, तुमची रेघ बरोबर निघाली.

नालबंदांशी बोलणं अवघड गेलं. आधी थोडे तडकले. मग डॉक्टरांनी क्ष-किरण त्यांच्या हातात दिला आणि दोघं अर्धा तास खुराशी उकिडवे बसून राहिले, मला कोणी विचारलंही नाही. आता पुढचं टोक मागे घेतलंय, टाचेला आधार लांबवलाय, पाचर लावलीय, आणि फेरी ५ आठवड्यांची. पाचर कायमची नाही म्हणाले, टाच त्याखाली अजून चिरडू शकते.

प्रशिक्षक म्हणाले, "मला दिसायला हवं होतं." एवढंच. मला ते पुरलं.

सध्या फक्त हातात धरून चालवणं, दिवसातून दोनदा २० मिनिटं, सरळ आणि टणक जमिनीवर. मग पुन्हा सोनोग्राफी. पुढच्या मोसमाच्या स्पर्धा सोडल्या. घोडा मात्र दहाव्या मिनिटाला कंटाळून माझ्या बाहीचं बटण तोडतो. यावर काही उपाय?

मोतद्दार

दोरी घट्ट धरू नका, म्हणजे खेचाखेची होणार नाही. वाट रोज बदला. उजव्या बाजूनेही धरून चालवा, फक्त डावीकडून नको, एका अंगाने वाकडा होतो. आणि बटणाचा सदरा घालू नका.

उपचारवही

चांगली बातमी. घाई तेवढी करू नका. सहाव्या-सातव्या आठवड्यात तो एकदम मस्त दिसायला लागेल, तेव्हाच सगळे घसरतात.

मांड_पक्की

हातात धरून चालवताना थांब-चाल, थांब-चाल करून घ्या. चौरस थांबायला शिकेल. परीक्षकांना आवडतं आणि लिगामेंटला त्रास नाही. डॉक्टरांची परवानगी घेऊनच, यावेळी आधीच सांगतो.

कानस

पुढच्या नालबंदीच्या आधी आणि नंतर बाजूने फोटो काढून इथे टाका. कॅमेरा जमिनीला टेकवून, खुराच्या बरोबर समोर, वरून नको. वरून काढलेल्या फोटोत सगळेच खूर छान दिसतात.

तिरकी_चाल

काढले. पहिल्या तीनमध्ये नुसती नाकपुडी आली आहे. चौथा टाकते.